घरी पाठवणे वेगळे, रुग्णालय घरी आणणे वेगळे



‘पेशंटला घरी घेऊन जा’ हे वाक्य रुग्णालयात आजवर दोन अर्थांनी ऐकायला मिळायचे. पेशंट बरा झाला, हा एक अर्थ. आता आमच्या हातात काही राहिले नाही, हा दुसरा. अलीकडे त्यात तिसऱ्या अर्थाची भर पडली आहे. पेशंट अजून आजारी आहे, इंजेक्शने, सलाईन, कधी ऑक्सिजनही चालू ठेवायचा आहे, पण ते सारे घरी करू. मोठ्या शहरांतून तर घरच्या घरी आय.सी.यू. लावून देतो म्हणणाऱ्या जाहिरातीही दिसू लागल्या आहेत.

या तिसऱ्या अर्थाचा विचार आपण नीट केला पाहिजे. ही पद्धत चांगली राबवली तर रुग्णाचे भले होते, याला पुरावा आहे. वाईट राबवली तर रुग्णालयाचे ओझे आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत आणि घरातल्या एका बाईच्या डोक्यावर येऊन पडते. दोन्हींतला फरक ओळखता यावा म्हणून हा लेख.

वॉर्ड म्हणजे नेमके काय?

आम्ही वॉर्डात अनेक वर्षे ड्युट्या केल्या. पेशंट बरा होतो तो खाटेमुळे नाही. दर काही तासांनी कुणीतरी ताप, नाडी, रक्तदाब, श्वास मोजते आणि कागदावर लिहिते. औषध ठरल्या वेळी, ठरल्या मात्रेत जाते. काही बिघडले तर ते लगेच कुणाच्या तरी लक्षात येते. लक्षात आल्यावर निर्णय घेणारा डॉक्टर जवळ असतो. आणि या सगळ्याची जबाबदारी कुणावर आहे ते केसपेपरवर लिहिलेले असते. निरीक्षण, वेळेवर औषध, निर्णय आणि जबाबदारी या चार गोष्टी मिळून वॉर्ड होतो.

या चारही गोष्टी रुग्णाच्या घरी पोचल्या तर रुग्णालय घरी आले असे म्हणावे. फक्त सलाईनची बाटली आणि औषधांची पिशवी पोचली, तर रुग्णाला नुसते घरी पाठवले आहे.

इतर देशांत काय घडले?

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात १९९४ पासून सरकारी रुग्णालये ‘घरातले रुग्णालय’ चालवतात. तिथे घरी उपचार घेणारा माणूस रुग्णालयाच्या नोंदवहीत भरती रुग्णच असतो. त्याची जबाबदारी रुग्णालयाकडेच राहते आणि शासन रुग्णालयाला त्याचे पैसे भरती रुग्णाप्रमाणेच देते. हा मुद्दा ध्यानात ठेवावा, पुढे तो कामाला येणार आहे.

अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉ. ब्रूस लेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात हे काम सुरू केले. न्यूमोनिया, हृदय कमकुवत झाल्याने येणारी सूज व धाप, जुनाट दम्यासारखा फुप्फुसाचा आजार बळावणे, आणि त्वचेखाली पसरणारा जंतुसंसर्ग असे चार आजार त्यांनी निवडले. ६५ वर्षांवरील ४५५ रुग्णांचा त्यांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. घरच्या उपचारात सरासरी ३.२ दिवस लागले, रुग्णालयात ४.९. खर्च घरी ५,०८१ डॉलर, रुग्णालयात ७,४८०. म्हातारी माणसे रुग्णालयात गेली की रात्री-अपरात्री बरळू लागतात, माणसे ओळखत नाहीत, हे आपण पाहिलेले असते. घरच्या रुग्णांत हे प्रमाण कमी आढळले. बोस्टनमध्ये ९१ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून केलेला अभ्यास २०२० साली आला. त्यात घरच्या उपचाराचा खर्च ३८ टक्क्यांनी कमी निघाला, आणि तीस दिवसांत पुन्हा भरती व्हावे लागलेले रुग्ण घरच्या गटात ७ टक्के, रुग्णालयाच्या गटात २३ टक्के होते.

कोरोनात खाटा अपुऱ्या पडल्यावर नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकी सरकारने वृद्धांच्या विमा योजनेतून या सेवेला पैसे द्यायला सुरुवात केली. पण अटी घातल्या. आधी डॉक्टरने रुग्णाला समोरासमोर तपासायचे. नर्सने रोज त्याची पाहणी करायची. दिवसातून किमान दोनदा प्रशिक्षित माणूस घरी जायचा. आणि प्रकृती बिघडली तर तीस मिनिटांत मदत पोचायची. अभ्यासांत दिसलेली बचत या साऱ्या सोयी देऊन झालेली आहे. सोयी गाळायच्या आणि बचत तेवढी सांगायची, असे कुणी करत असेल तर त्याला हे विचारा.

गडचिरोलीचा धडा

तुम्ही म्हणाल, हे श्रीमंत देशांचे झाले. मग आपल्याच महाराष्ट्रात या.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बाळांच्या मृत्यूवर काम केले. गावातून रुग्णालय लांब, बाळंतपणे घरीच होत आणि आजारी बाळाला बाहेर न्यायला घरचे तयार नसत. बाळाच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरला, म्हणजे सेप्सिस झाला, तर रुग्णालयात भरती करून इंजेक्शने द्यायची ही डॉक्टरांची रीत. ‘सर्च’ने तो उपचार घरात नेला.

गावातल्याच, थोड्या शिकलेल्या बायका निवडून त्यांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्या बाळंतपणाला दाईसोबत हजर राहत, बाळाचे वजन करत, ताप बघत, श्वास मोजत, न रडलेल्या बाळाला श्वास देत. ठरलेल्या लक्षणांवरून सेप्सिस ओळखत. आधी रुग्णालयात न्यायला सांगत. घरच्यांनी नकार दिला तर त्यांची संमती घेऊन ठरलेल्या मात्रेत जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि तोंडाने कोट्रायमोक्साझोल देत. वर देखरेख डॉक्टरांची होती आणि प्रत्येक बाळाची नोंद ठेवली जात होती.

१९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याचे निष्कर्ष आले. काम झालेली ३९ गावे होती, तुलनेसाठी ४७. तिसऱ्या वर्षी काम झालेल्या गावांत दर हजार जन्मांमागे २५.५ नवजात दगावले, तुलनेच्या गावांत ५९.६. सेप्सिस झालेल्या बाळांपैकी आधी १६.६ टक्के मरत होती, घरी उपचार सुरू झाल्यावर २.८ टक्के. पुढे २०११ पासून देशभरात आशाताईंनी नवजात बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी भेटी द्यायचा कार्यक्रम सुरू झाला, त्याच्या मुळाशी हे काम आहे.

यावरून कुणीही उठून इंजेक्शन द्यावे असा अर्थ काढू नका. चांगला उपचार घरी होण्यासाठी घर श्रीमंत असावे लागत नाही, हा त्याचा अर्थ. प्रशिक्षण घेतलेला माणूस, लेखी नियम, रोजची भेट आणि मागे उभा डॉक्टर एवढे मात्र लागतेच. गडचिरोलीच्या मातीच्या घरांत ते होते म्हणून बाळे जगली.

कोणाला घरी ठेवावे, कोणाला नाही?

डॉक्टरने तपासून, आजार नक्की ओळखून, पहिले काही तास स्थिर आहे हे पाहूनच रुग्ण घरी आणायचा असतो. सौम्य ते मध्यम न्यूमोनिया, त्वचेखालचा संसर्ग, लघवीच्या मार्गाचा वर चढलेला संसर्ग, हृदयाच्या जुन्या रुग्णाची वाढलेली सूज, अशांत हे जमू शकते. हार्ट अटॅक, लकवा, बेशुद्धी, सतत रक्तस्राव, सापाचा दंश, विषबाधा, ढासळता रक्तदाब यांना घरी जागा नाही.

घरी उपचार चालू असताना पुढीलपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नका, १०८ ला फोन करून रुग्णालय गाठा :

• स्वस्थ पडलेल्या मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला ३० किंवा त्याहून जास्त
• ऑक्सिमीटरवर ९० किंवा त्याहून कमी आकडा (९४ च्या खाली आला तरी डॉक्टरांना लगेच कळवावे, फुप्फुसाचा जुना आजार असेल तर डॉक्टरांकडून त्या रुग्णापुरता वेगळा आकडा लिहून घ्यावा)
• ओठ किंवा नखे निळसर होणे, छातीत दुखणे
• बरळणे, झोपेतून न उठणे, माणसे न ओळखणे
• वरचा रक्तदाब ९० च्या खाली, हातपाय थंड पडणे
• आठ-दहा तास लघवी न होणे
• नवजात बाळाने दूध ओढणे सोडणे, अंग थंड किंवा गरम लागणे, छाती आत ओढली जाणे

ऑक्सिमीटरबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो. २०२० साली अमेरिकेत झालेल्या अभ्यासात दिसले की कृष्णवर्णीय रुग्णांच्या रक्तात ऑक्सिजन खरोखर कमी असूनही यंत्र बरा आकडा दाखवते, असे गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत जवळजवळ तिप्पट वेळा घडले. आपल्यातही गडद रंगाची माणसे पुष्कळ आहेत. मेंदी, नेलपॉलिश, गार पडलेली बोटे यांनीही आकडा चुकतो. म्हणून यंत्र ९५ दाखवत असले आणि माणूस धापा टाकत असला, तर माणसावर विश्वास ठेवा.

आपले घर तपासा

घरी आणण्याआधी घराचीही तपासणी व्हायला हवी. एका खोलीच्या घराचा विचार बहुतेक योजनांत केलेला नसतो. २०२० मध्ये कोरोनाच्या गृहविलगीकरणासाठी वेगळी खोली लागत होती. धारावीत हजारो कुटुंबांकडे ती नव्हती, संडासही सार्वजनिक, म्हणून तिथे लोकांना शाळा-सभागृहांतल्या केंद्रांत हलवावे लागले.

ऑक्सिजनचे तसेच आहे. ऑक्सिजन चालू असताना शेगडी, स्टोव्ह, विडी-सिगारेट, पेटती अगरबत्ती, बुद्धमूर्तीपुढची मेणबत्ती यांपैकी काहीही किमान दहा फुटांच्या आत नको. ऑक्सिजन कपड्यांत, अंथरुणात मुरतो आणि ठिणगीने भडका उडतो. नाकाला तेल किंवा तेलकट मलमही लावू नये. आता दहा बाय बाराच्या खोलीत स्वयंपाकही तिथेच होत असेल, तर ही अट पाळणार कशी? एक तर उपचार संपेपर्यंत स्वयंपाक शेजारी करावा लागेल, नाही तर ऑक्सिजनचा रुग्ण रुग्णालयातच राहिला पाहिजे. हे बोलायला संकोच वाटू देऊ नका. घर लहान असणे हा तुमचा दोष नाही, पण डॉक्टरला ते माहीत असले पाहिजे.

शिवाय कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो. वीज गेली तर भरलेला सिलेंडर जवळ हवा. नळाला पाणी कधी येते, संडास किती लांब, चौथ्या मजल्यावरून स्ट्रेचर जिन्यातून उतरते का, रात्री गल्लीत अॅम्ब्युलन्स कुठवर येते, हेही आधी पाहून ठेवावे.

सुई कुणाला टोचते?

घरी इंजेक्शने सुरू झाली की वापरलेल्या सुया घरात साठतात. त्या कचऱ्याच्या डब्यात गेल्या की सकाळी घंटागाडीवरच्या माणसाच्या हाताला टोचतात. तो माणूस बहुतेकदा आपल्याच वस्तीतला असतो. सुईतून हिपॅटायटिस बी, सी आणि एच.आय.व्ही. पसरू शकतो. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम रुग्णालयांना सुया भोक न पडणाऱ्या डब्यात वेगळ्या ठेवायला सांगतात. तीच शिस्त घरी हवी. झाकणाचा जाड प्लास्टिकचा डबा ठेवा, सुईला पुन्हा टोपण लावू नका, आणि डबा परत नेण्याची जबाबदारी सेवा देणाऱ्याकडून कबूल करून घ्या.

हातात ठेवलेली सलाईनची सुई रोज बघा. तिथे सूज, लाली, दुखणे, पू किंवा अंगात नवा ताप दिसला तर सलाईन थांबवून नर्सला बोलवा. ती जागा ओली करू नका.

घरातल्या बाईचे काय?

वॉर्डात तीन पाळ्या असतात. एक नर्स घरी जाते तेव्हा दुसरी येते. घरात मात्र सून, मुलगी किंवा बायको एकटीच तिन्ही पाळ्या करते. ती धुणीभांड्याच्या कामांवर किंवा रोजंदारीवर जात असेल तर तिचा रोज बुडतो. घरी उपचार स्वस्त पडतात असा हिशेब मांडताना हा रोज कुणी धरत नाही. म्हणून घरी आणायचे ठरवताना पहिला प्रश्न तिला विचारा, जमेल का. नाही जमणार म्हणाली, तर तो रुग्णालयातच ठेवण्याला पुरेसा आधार आहे. आणि जमेल म्हणाली, तर तिने रात्री किती तास झोपायचे आणि त्या वेळी कोण बसणार, हे आधी ठरवा.

औषध पाजणे, पाणी देणे, कूस बदलणे, ताप लिहून ठेवणे ही घरच्यांची कामे. शिरेतून औषध देणे, मात्रा ठरवणे, सुई बदलणे ही त्यांची कामे नव्हेत. ‘दाखवतो, तुम्हीच करा’ असे कुणी म्हणाले तर नकार द्या.

पैसा आणि माणूस

घरी येणारी नर्स बऱ्याचदा ब्युरोमार्फत येते. ब्युरोकडे शिकलेल्या नर्सही असतात आणि चार महिने कुठे मावशी म्हणून काम केलेल्या मुलीही. पांढरा कोट दोघींनाही घालतात. शिरेतून औषध देणार असेल तर ती जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेली हवी आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये तिची नोंदणी हवी. नोंदणी क्रमांक विचारण्यात अपमान काही नाही. आम्हाला कुणी विचारला तर आम्ही आनंदाने सांगतो.

खर्चाचे आधी पाहा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतले उपचार अंगीकृत रुग्णालयात भरती होऊन मिळतात. योजनेतून फुकट होणारा उपचार ‘घरी सोयीचे पडेल’ म्हणून घरच्या पॅकेजवर नेला, तर पैसे खिशातून जातील. खासगी विम्यात घरच्या भरतीची तरतूद असते, पण रुग्ण हलवण्याच्या स्थितीत नाही किंवा रुग्णालयात जागा नाही, अशाच वेळी. अनेक पॉलिसी दमा, ब्राँकायटिस यांसारखे आजार त्यातून वगळतात. पॉलिसीचा कागद आधी कुणाकडून तरी वाचून घ्या.

उंबरठ्याचा प्रश्न

घरी येणारी सेवा म्हणजे कुणीतरी आपला उंबरठा ओलांडून आत येणे, रुग्णाच्या अंगाला हात लावणे, आपल्या घरचे पाणी घेणे. आपल्या देशात ही गोष्ट साधी नाही. गुजरात आणि राजस्थानातल्या दलित मुलांना मिळणाऱ्या आरोग्यसेवेचा संघमित्रा आचार्य यांनी अभ्यास केला, तो २०१० साली आला. औषध देताना, तपासताना स्पर्श टाळला जातो, हे त्यात नोंदलेले आहे. रुग्णालयात निदान चार लोक बघत असतात. घरभेट टाळली, दारातूनच ‘कसे आहे’ विचारून वहीत भेट लिहिली, तर साक्षीला कुणी नसते. उलट बाजूही आम्ही पाहतो. आपल्या वस्तीतल्या शिकलेल्या नर्सला पेशंटच्या दारात आडनाव विचारून परत पाठवले जाते आणि ब्युरो दुसरी मुलगी पाठवून मोकळा होतो.

म्हणून घरी चार्ट असू द्या. येणाऱ्याने वेळ, ताप, नाडी, रक्तदाब, श्वास, दिलेले औषध लिहून सही करायची. चार्टची पाने रिकामी दिसली की भेट खरी झाली की नाही ते कळते, आणि तक्रारीला कागद हाती राहतो.

सही करण्याआधी हे विचारा

१. कागदोपत्री पेशंट भरती आहे की डिस्चार्ज? (‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत’ अशा कागदावर, म्हणजे ज्याला वॉर्डात ‘डामा’ म्हणतात त्यावर, सही मागत असतील तर ते घरचे रुग्णालय नव्हे. जबाबदारी तुमच्यावर ढकलली जात आहे.)
२. जबाबदार डॉक्टर कोण? त्यांचे नाव लिहून द्या.
३. रोज किती वेळा, कोण येणार? त्यांची नोंदणी काय?
४. रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार, आणि किती वेळात मदत येणार?
५. कोणते आकडे, कोणती लक्षणे आली की परत आणायचे? मराठीत लिहून द्या.
६. परत आणले तर खाट मिळेल का? पुन्हा डिपॉझिट भरावे लागेल का?
७. औषध, यंत्र, सिलेंडर, भेटी यांचा रोजचा एकूण दर किती?
८. सुयांचा डबा कोण नेणार?
९. आमचे घर एका खोलीचे आहे, हे चालेल का?

नऊपैकी पहिल्या सहांची उत्तरे लेखी मिळत नसतील तर पेशंट हलवू नका. सरकारी रुग्णालयात असाल तर वैद्यकीय अधीक्षकांना भेटा.

शेवटचे सांगणे

आपल्याकडे ही सेवा आज पैसेवाल्यांच्या इमारतींत पोचते आहे, आणि वस्तीत मात्र ‘खाट नाही, घरी न्या’ एवढेच पोचते. मागणी करायची असेल तर व्हिक्टोरियासारखी करू या. घरी असलेला पेशंट सरकारी रुग्णालयाच्या नोंदवहीत भरती राहावा, खर्च योजनेतून जावा, भेट देणाऱ्या नर्स आणि आशाताईला कामाचा पूर्ण मोबदला मिळावा. आशाताईंना पगार नाही, कामानुसार मोबदला आहे, आणि तोही वेळेवर मिळावा म्हणून त्यांना रस्त्यावर उतरावे लागते. त्यांच्यावरच सारे घर-रुग्णालय उभे करायचे आणि त्यांना उपाशी ठेवायचे, हे चालणार नाही.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास काढा. ताप, नाडी आणि श्वास मोजायला प्रत्येक घरातल्या निदान दोघांना शिकवा. त्यांतला एक पुरुष असू द्या. वस्तीतल्या नोंदणीकृत नर्सची यादी करा. वर दिलेले नऊ प्रश्न मोठ्या अक्षरात लिहून फलकावर लावा. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट छातीची हालचाल मोजायला काहीच खर्च येत नाही, आणि रुग्ण घरी असो वा रुग्णालयात, बिघाडाची पहिली खूण पुष्कळदा तिथेच सापडते.